माउथ ऑर्गनचा होल्डर निवडताना

गिटारच्या तारा छेडत गाणारा कलाकार दोन कडव्यांच्या मध्ये जरासा थांबतो आणि गळ्यात अडकवलेल्या माउथ ऑर्गनमधून एक धून उमटते. हात गिटारवरून हललेले नसतात. एकाच व्यक्तीने एकाच वेळी दोन वाद्ये वाजवण्याची ही किमया ज्या साध्या साधनामुळे शक्य होते, त्याला होल्डर म्हणतात. गिटार घेताना चार दुकाने पालथी घालणारा हौशी वादक होल्डर मात्र समोर येईल तो उचलतो. मग पहिल्याच आठवड्यात तो घसरू लागतो, वाद्य तिरके होते, ओठ सोलवटतात आणि महिनाभरात मान दुखू लागल्यावर होल्डर माळ्यावर जातो. दोष बहुतेक वेळा वादकाचा नसतो, निवडीचा असतो.

होल्डर निवडण्याची एकच मुख्य कसोटी आहे. वाद्य ओठांपर्यंत आले पाहिजे. ओठांना, आणि त्यांच्यामागोमाग मानेला, वाद्याच्या शोधात जावे लागता कामा नये. किंमत, चकाकी आणि कंपनीचे नाव या गोष्टी त्यानंतरच्या.

एका कलाकाराचा वाद्यवृंद

माउथ ऑर्गन म्हणजे हार्मोनिका भारतीय रसिकांना प्रामुख्याने चित्रपटांतून परिचित झाला. १९६४ सालच्या ‘दोस्ती’चा नायक तो वाजवतो आणि १९७५ सालच्या ‘शोले’मध्ये अमिताभ बच्चन यांच्या ओठी असलेली धून प्रत्यक्षात भानू गुप्ता यांनी वाजवली होती. गुप्ता हे नावाजलेले गिटारवादकही होते. मात्र ही दोन्ही वाद्ये एकत्र वाजवण्याची रीत रुळली ती अमेरिकेत. जेसी फुलर हा कलाकार बारा तारांची गिटार, माउथ ऑर्गन, कझू आणि पायाने वाजवायचे स्वतः बनवलेले एक मंद्रवाद्य असा सारा संसार एकट्याने सांभाळत असे. ब्लूज गायक जिमी रीड विजेवरची गिटार वाजवताना माउथ ऑर्गन गळ्यातच ठेवत. पुढे विजेवरच्या गिटारींसाठी जगप्रसिद्ध झालेले लेस पॉल यांनी लहान वयातच कपडे अडकवायच्या हँगरच्या तारेपासून स्वतःचा होल्डर तयार केला होता आणि त्यातला माउथ ऑर्गन हात न लावता उलटवता येत असे.

या साधनाला जगभर ओळख मिळाली ती १९६० च्या दशकात बॉब डिलन यांच्यामुळे. २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या गायकाचे गिटार आणि गळ्यातला माउथ ऑर्गन हे रूप त्या काळाचे चिन्हच ठरले. नील यंग यांचे १९७२ सालचे ‘हार्ट ऑफ गोल्ड’ आणि बिली जोएल यांचे १९७३ सालचे ‘पियानो मॅन’ ही याच परंपरेतली गाणी. यांतील दुसऱ्यात जोडीचे वाद्य गिटार नसून पियानो आहे, ही बाब होल्डर निवडताना महत्त्वाची ठरते. तिचा विचार पुढे केला आहे.

होल्डरची रचना

नेहमीच्या होल्डरचे तीन भाग असतात. पहिला म्हणजे मानेमागून जाऊन दोन्ही खांद्यांवरून छातीवर उतरणारी धातूची कमान. दुसरा, या कमानीच्या टोकांपासून वर तोंडाकडे जाणारे दोन बाहू. कमान आणि बाहू यांच्या सांध्यांवर विंग नट म्हणजे बोटांनी पिळता येणारे दोन पाकळ्यांचे नट असतात. तिसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष वाद्य धरणारा चिमटा. तो स्प्रिंगच्या दाबाने किंवा स्क्रूने वाद्याला धरून ठेवतो.

या मूळ रचनेचे काही पर्यायही मिळतात. काही होल्डरांत नटांऐवजी वाकवू तसा राहणारा लवचिक दांडा असतो. काहींत चिमट्याऐवजी लोहचुंबक असते. जर्मनीच्या सायडल कंपनीचा ‘गेको’ हा होल्डर या प्रकारातला. त्यात वाद्य क्षणात बसवता आणि काढता येते. मात्र वाद्याचे वरखालचे पत्रे चुंबकाला धरणाऱ्या पोलादाचे असले पाहिजेत. पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यांना चुंबकाचा उपयोग नाही आणि स्टेनलेस स्टीलचे काही प्रकारही चुंबकाला चिकटत नाहीत. तिसरा पर्याय गळ्यात न अडकवण्याचा. मायक्रोफोनच्या स्टँडला जोडलेल्या दांड्यावर वाद्य बसवले की मानेवर कोणताच भार येत नाही. मात्र वादकाला एका जागीच राहावे लागते.

आधी वाद्य, मग होल्डर

होल्डर घेण्यापूर्वी आपण कोणता माउथ ऑर्गन वाजवणार आहोत, हे निश्चित असले पाहिजे. होल्डरबरोबर सर्वाधिक वापरला जातो तो दहा छिद्रांचा डायटॉनिक माउथ ऑर्गन. त्याची लांबी सुमारे १० सेंटिमीटर आणि वजन १०० ग्रॅमच्या आत असते. बाजारातले बहुसंख्य होल्डर याच मापासाठी बनवलेले असतात.

आपल्याकडे अनेकांची सुरुवात होते ती छिद्रांच्या दोन रांगा असलेल्या ट्रेमोलो माउथ ऑर्गनवर. त्याच्या प्रत्येक स्वरासाठी दोन रीड किंचित वेगळ्या सुरात लावलेले असतात आणि त्यातून तो थरथरता नाद निर्माण होतो. चोवीस जोड्यांचे हे वाद्य १७-१८ सेंटिमीटरपर्यंत लांब असते. छोट्या होल्डरच्या दोन बाहूंमध्ये ते बसतच नाही आणि बसवलेच तर टोके बाहेर राहून वाद्य एका बाजूला झुकते. शिवाय होल्डरमध्ये वाद्य स्थिर असल्याने स्वर शोधण्यासाठी डोके डावी-उजवीकडे न्यावे लागते. वाद्य जितके लांब, तितका मानेचा प्रवास अधिक. म्हणूनच दोन वाद्ये एकत्र वाजवायची असतील, तर लांब ट्रेमोलोऐवजी दहा छिद्रांचे वाद्य शिकून घेणे अधिक शहाणपणाचे.

सर्व कोमल-तीव्र स्वर देणाऱ्या क्रोमॅटिक माउथ ऑर्गनची अडचण निराळी आहे. बारा छिद्रांचे हे वाद्य १४-१५ सेंटिमीटर लांब असते. पण खरा प्रश्न लांबीचा नसून उजव्या टोकाच्या खटक्याचा आहे. तो दाबला की अर्धा स्वर वर जातो आणि तो दाबायला बोट लागते. दोन्ही हात गिटारवर असतील, तर या वाद्याचे अर्धे सामर्थ्य वाया जाते. हा खर्च करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

चिमटा आणि नट

स्वस्त होल्डर बहुधा दोन ठिकाणी दगा देतात, चिमट्यात आणि नटांत.

चिमटा सैल असेल तर वाद्य वाजवताना पुढे सरकते. फार घट्ट असेल तर त्याहून वाईट. माउथ ऑर्गनचे वरखालचे पत्रे पातळ असतात. चिमट्याचा दाब त्यांच्या मध्यभागी पडला तर ते आत दबतात, आतल्या रीडला कंप पावण्यास जागा उरत नाही आणि एखादा स्वर खरखरतो किंवा मुका होतो. चांगल्या चिमट्याची पाती रबर वा फोमने मढवलेली असतात आणि दाब वाद्याच्या पूर्ण लांबीवर किंवा दोन्ही टोकांवर समान पडतो. पाती वाद्याच्या पुढच्या कडेपर्यंत आलेली नसावीत. ती पुढे आली की ओठ छिद्रांवर नीट बसत नाहीत आणि धातूची कड ओठांना किंवा मिशांना लागते. वाद्याची मागची उघडी बाजूही मोकळी राहिली पाहिजे. आवाज तिथूनच बाहेर पडतो.

नटांचे दुखणे सर्वांत सामान्य आहे. वादक वाद्याला ओठांनी नकळत पुढे ढकलत असतो. हा दाब थोडाच असला, तरी बाहूंच्या लांबीमुळे सांध्यावर त्याचा जोर वाढतो. धातूवर धातू घासणारा नट या जोरापुढे हळूहळू सरकतो आणि गाणे संपेपर्यंत वाद्य हनुवटीवर आलेले असते. नट अधिक पिळणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने आटे झिजतात. सांध्यात रबराचा किंवा फायबरचा वायसर असेल, तर घर्षण वाढून बाहू जागीच राहतो. असा वायसर नसलेला होल्डर घरी असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातून योग्य मापाचे वायसर आणून बसवावेत. होल्डर फेकण्यापूर्वी हा अल्प खर्चाचा उपाय जरूर करून पाहावा.

मानेची काळजी

होल्डर हलका असतो, म्हणून त्याचा भार जाणवणार नाही असे वाटते. पण त्रास वजनाचा कमी आणि शरीराच्या ठेवणीचा अधिक असतो. वाद्य इंचभर दूर किंवा खाली असले की वादक हनुवटी पुढे काढतो. डोक्याचा भार मग मणक्याच्या सरळ रेषेत न राहता मानेच्या मागच्या स्नायूंवर पडतो. त्यात गिटारचा पट्टा डाव्या खांद्यावर ओढत असतोच. तासाभराच्या सरावानंतर मान आखडते ती यामुळे.

योग्य जुळणीची पद्धत सोपी आहे. आधी पाठ सरळ ठेवून, नजर समोर ठेवून बसावे किंवा उभे राहावे. मान जराही न हलवता वाद्य ओठांसमोर येईल अशी बाहूंची उंची ठरवावी. छिद्रांची बाजू ओठांना सरळ भिडली पाहिजे. गाणेही म्हणायचे असेल, तर ओठ आणि वाद्य यांत दोन बोटांपेक्षा अधिक अंतर नसावे. इतके अंतर डोके हलकेच झुकवून पार करता येते. मग नट पक्के करावेत. होल्डरची ही मुभा दोन प्रकारची असावी: वाद्य वर-खाली करण्याची आणि जवळ-दूर करण्याची. यांपैकी एकच मुभा असलेला होल्डर एखाद्याच्याच अंगाला नीट बसतो.

कमानीची रुंदीही पाहावी. अरुंद कमान गळ्याच्या बाजूंना टोचते, तर फार रुंद कमान खांद्यांवरून घरंगळते. मुलांसाठी होल्डर घेताना हे विशेष जाणवते. प्रौढांच्या मापाचा कडक होल्डर मुलांच्या खांद्यावर टिकत नाही. त्यांच्यासाठी वाकवता येणारी कमान बरी. मानेमागचा भाग फोमने किंवा कापडाने गुंडाळलेला असावा. उघड्या धातूवर बहुधा निकेलचा मुलामा असतो आणि काहींच्या त्वचेला निकेलचे वावडे असते. घामाने तो त्रास वाढतो. सरावानंतर मान दिवसभर दुखत राहिली किंवा हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर वादन थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जोडीचे वाद्य कोणते?

गिटार असल्यास होल्डरचे नट आणि बाहूंची खालची टोके गिटारच्या वरच्या कडेला घासणार नाहीत, हे पाहावे. नव्या गिटारवर पडलेले ओरखडे पुष्कळदा होल्डरचेच असतात. त्या टोकांना फेल्टचे किंवा मऊ कापडाचे वेष्टन द्यावे. गिटारचा पट्टा आधी आणि होल्डर नंतर, असा क्रम ठेवल्यास माउथ ऑर्गन नको असेल तेव्हा गिटार न उतरवता होल्डर काढता येतो. युकुलेलेसारखे छोटे वाद्य छातीशी धरले जात असल्याने त्याच्या जोडीला छातीवर कमी उतरणारी कमान घ्यावी.

कीबोर्ड किंवा पियानो असल्यास वादक एका जागी बसलेला असतो. त्याला गळ्यातल्या होल्डरची सक्ती नाही. दांड्याच्या स्टँडवर वाद्य बसवल्यास मान मोकळी राहते आणि गाताना तोंड बाजूला घेता येते.

पेटीवर बसणाऱ्यांना हा प्रयोग करायचा असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटी जमिनीवर असते, नजर वारंवार स्वरांकडे खाली जाते आणि भाता मारताना खांदा हलतो. त्यामुळे वाद्य सवयीपेक्षा थोडे खाली आणि आत ठेवावे लागते. ताठ, उंच बाहूंचा होल्डर येथे गैरसोयीचा. पेटी आणि माउथ ऑर्गन ही दोन्ही रीडचीच वाद्ये असल्याने त्यांच्या सुरांत किंचितही फरक असला तर तो लगेच कानाला बोचतो. काही कंपन्या माउथ ऑर्गन ४४० ऐवजी ४४२-४४३ कंपनसंख्येला लावतात. म्हणून खरेदीच्या वेळी दोन्हींचा षड्ज जुळवून पाहावा. गिटारचे तसे नाही. तिच्या तारा माउथ ऑर्गनला जुळवून घेता येतात.

पट्टीचा हिशेब

दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन एकाच पट्टीचा असतो. ‘सी’ अक्षर कोरलेला माउथ ऑर्गन म्हणजे पांढरी एक, ‘डी’ म्हणजे पांढरी दोन, ‘जी’ म्हणजे पांढरी पाच. गाणे ज्या पट्टीत, त्याच पट्टीचे वाद्य घेणे ही सरळ पद्धत. ब्लूज वादक मात्र वाद्याच्या पंचमाला षड्ज मानून वाजवतात. म्हणजे गाणे पांढरी पाचमध्ये असेल तर ते पांढरी एकचा माउथ ऑर्गन घेतात. या पद्धतीत आत ओढलेल्या श्वासाचे स्वर प्रधान ठरतात आणि ते वाकवून मींडेसारखा परिणाम साधता येतो.

गिटारला कॅपो लावणाऱ्यांची येथे गफलत होते. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून ‘जी’च्या कॉर्ड वाजवल्या, तर प्रत्यक्ष पट्टी ‘ए’ म्हणजे पांढरी सहा होते आणि माउथ ऑर्गनही त्याच हिशेबाने घ्यावा लागतो.

होल्डरशी याचा संबंध असा, की कार्यक्रमात गाण्यागणिक माउथ ऑर्गन बदलावा लागतो. ज्याचा चिमटा एका हाताने उघडतो, असा होल्डर तेव्हा मोलाचा ठरतो. स्क्रू पिळून वाद्य बदलावे लागत असेल, तर श्रोत्यांना ताटकळावे लागते. वाद्य बसवताना खर्ज स्वर वादकाच्या डाव्या हाताला येतील, म्हणजेच छिद्रांचे आकडे वरच्या बाजूला राहतील, हे पाहावे. घाईत वाद्य उलटे बसण्याचा प्रसंग नवख्यांवर हमखास येतो.

आवाज आणि मायक्रोफोन

हाताच्या ओंजळीत वाद्य झाकून आणि उघडून जो हेलकावा निर्माण करता येतो, तो होल्डरमध्ये मिळत नाही. कोणताही होल्डर, कितीही महागडा असला तरी, ही उणीव भरून काढू शकत नाही. आवाज अधिक उघडा आणि किंचित टोकदार येतो. त्यामुळे लांबलचक स्वरविस्तारापेक्षा छोट्या धुनी, कॉर्ड आणि लयीचे श्वास या जोडवादनात शोभून दिसतात. स्वर वाकवणे जीभ आणि घशाच्या ठेवणीवर अवलंबून असल्याने ते मात्र हात न लावताही जमते.

रंगमंचावर गाणे आणि माउथ ऑर्गन यांसाठी बहुधा एकच मायक्रोफोन असतो. तो माउथ ऑर्गनच्या मागे, चिमट्याला धक्का लागणार नाही इतका दूर ठेवावा. सैल नटाची किणकिण घरी ऐकू येत नाही. ध्वनिक्षेपकावर ती स्पष्ट ऐकू येते.

दुकानात काय तपासावे?

होनर, सायडल, डनलॉप, के अँड एम आदी कंपन्यांचे होल्डर आणि अनेक बिननावाचे होल्डर बाजारात आहेत. किमती काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जातात. मुंबईत धोबीतलावसारख्या भागात, तसेच अन्य शहरांतील वाद्यांच्या दुकानांत ते प्रत्यक्ष पाहून घेता येतात. संकेतस्थळावरून मागवायचा झाल्यास परत करण्याची सोय आधी पाहावी. खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी तपासाव्यात.

- आपलाच माउथ ऑर्गन सोबत न्यावा आणि तोच बसवून पाहावा. दुकानातले वाद्य तोंडाला लावणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य नाही.
- होल्डर गळ्यात घालून आरसा मागावा. हनुवटी पुढे निघालेली आहे का, ते आरशातच कळते.
- वाद्याला एका बोटाने समोरून दाबावे. बाहू सरकला तर तो होल्डर घेऊ नये.
- वाद्य बसवल्यावर प्रत्येक छिद्र फुंकून आणि ओढून पाहावे. हातात वाजणारा स्वर चिमट्यात मुका झाला, तर दाब चुकीच्या जागी आहे.
- एका हाताने वाद्य काढून पुन्हा बसवता येते का, ते पाहावे.
- होल्डर हलवून पाहावा. खडखड ऐकू आली तर तो कार्यक्रमाच्या कामाचा नाही.
- शक्य असल्यास गिटार किंवा जोडीचे वाद्य घेऊन पाच मिनिटे वाजवावे. चष्मा लावणाऱ्यांनी तो लावूनच पाहावे.

निगा

होल्डरमध्ये वाद्य तासन्‌तास तोंडासमोर राहते, त्यामुळे त्यात लाळ साचते. वादनानंतर वाद्य चिमट्यातून काढून, छिद्रे खाली करून तळहातावर हलकेच आपटावे आणि कोरडे झाल्यावरच डबीत ठेवावे. लाकडी साचा असलेले माउथ ऑर्गन ओलाव्याने फुगतात. दीर्घ वादनासाठी प्लॅस्टिकचा साचा असलेले बरे. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत होल्डरच्या सांध्यांना गंज चढतो. घाम पुसून ठेवणे आणि अधूनमधून नट सोडवून साफ करणे पुरेसे असते. तेल मात्र सांध्यांवर टाकू नये. ज्या घर्षणावर वाद्य टिकते, तेच त्याने नाहीसे होते.

जाड तारेपासून घरी होल्डर बनवणेही अशक्य नाही. तसे करताना तारेची टोके आत वळवून गुंडाळावीत; ती गळ्याजवळ आणि डोळ्यांच्या खालीच येतात.

चांगल्या होल्डरची खूण एकच. दहा मिनिटांच्या वादनानंतर तो गळ्यात असल्याचा वादकाला विसर पडतो. हात आपल्या वाद्यात आणि श्वास आपल्या वाद्यात गुंतलेला असताना मान निवांत असेल, तर निवड योग्य झाली असे समजावे.